खिशात एक नवा बोल्ट ठेवून जा

प्रश्न : मुलगा आयटीआयमधून मोटार मेकॅनिक होऊन घाटकोपरच्या एका दुचाकी गॅरेजात लागलाय. उस्ताद म्हणतात, स्वतःचे पाने आण. भिशीचे नऊ हजार हाताशी आहेत. मुलाला तापडिया कंपनीचे हवेत, त्याचा मित्र स्टॅनलेचे म्हणतो. दुबईहून सुट्टीवर आलेले शेजारचे भाऊजी स्नॅप-ऑनचा वापरलेला रॅचेट, म्हणजे नट फिरवायचं दातेरी हँडल, स्वस्तात द्यायला तयार आहेत. दुकानदार मात्र 46 नगांची पेटी पुढे करतो. घ्यायचं काय? – एक आई, कांजूरमार्ग

उत्तर : ताई, आधी त्या पेटीचं बघू. ती बहुतेक वेळा पाव इंची असते, म्हणजे गोटी, ते नटावर चढवायचं टोपण, जिथे बसते तो रॅचेटचा चौकोन दोन सूत. पॅनल आणि बॅटरीच्या बोल्टला झकास, पण मागच्या चाकाच्या नटाला लावली तर रॅचेटचे दात गेलेच समजा. शिवाय त्यातले बरेच नग म्हणजे नुसते बिट्स, स्क्रू ड्रायव्हरची सुटी टोकं. दुचाकीला तीन सुताचा रॅचेट घ्या आणि 8, 10, 12, 14, 17 मिलिमीटरच्या गोट्या सुट्या घ्या.

गोट्या सहा कोनीच. हे मी 2005च्या जुलैत शिकलो. 26 तारखेला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, आणि पुढचे दोन महिने माझ्या गॅरेजात पाण्यात बुडालेल्या गाड्यांची रांग होती. एकूण एक बोल्ट गंजलेला. माझ्याकडे बारा कोनी गोट्या होत्या. त्या बोल्टला फक्त कोपऱ्यांजवळ धरतात, त्यामुळे डोकी गोल व्हायची आणि मग छिन्नी-हातोडा. सहा कोनी गोटी बोल्टच्या सपाट बाजूवर जोर टाकते. त्या दोन महिन्यांत माझी सगळी पेटी बदलली.

तर ब्रँड. तापडियाचे रिंग पाने, फिक्स पाने आणि पकड डोळे मिटून घ्या. कंपनी 1969 पासून स्वीडिश तंत्राच्या मदतीने हत्यारं बनवते, कारखाना आपल्या नाशिकच्या सातपूरला. माझा 10-11चा रिंग पाना एकोणीस वर्षांचा आहे, क्रोम गेलाय, पण तोंड पसरलेलं नाही. स्टॅनलेही वाईट नाही. नाव अमेरिकन असलं तरी माल कुठे घडलाय ते वेष्टनावर वाचा. रॅचेटमध्ये मला त्यांचा हात बरा वाटतो, पान्यात जास्तीचे पैसे देण्यासारखं काही दिसत नाही.

स्नॅप-ऑनचा मोह मला कळतो. 1920 सालची अमेरिकन कंपनी, पाच हँडलं नि दहा गोट्या घेऊन सुरू झालेली. तिकडे त्यांची व्हॅन गॅरेजच्या दारात येते, मोडलं की बदलून देतात. पैसे त्या सेवेचेही असतात, आणि आपल्या गल्लीत ती व्हॅन येत नाही. भाऊजींचा रॅचेट हातात घेऊन सावकाश फिरवा, दात सारखे टकटक वाजले आणि उलटसुलट दोन्हीकडे धरला, तर घ्या. एखादा टक चुकला तर नमस्कार करून परत द्या.

स्क्रू ड्रायव्हर मात्र दोन प्रकारचे लागतील. जपानी घराण्याच्या गाड्यांच्या कार्ब्युरेटरला जे फुलीचे स्क्रू असतात, त्यांच्या डोक्यावर बारीक ठिपका दिसतो. तो जेआयएसचा, म्हणजे जपानी मानकाचा. नेहमीचा फुलीचा ड्रायव्हर, फिलिप्स, त्यात पूर्ण बसत नाही, वर चढतो आणि फुली खातो. पोरं म्हणतात स्क्रू खराब होता. एक जेआयएसचा नंबर 2 ठेवायला सांगा. हातोडा, छिन्नी, तेलाचं कॅन यांत ब्रँड बघूच नका.

खरेदी मुंबईच्या हत्यारबाजारात, नागदेवी स्ट्रीटला. मुलाच्या खिशात 6 मिलिमीटरचा एक नवा बोल्ट द्या, त्याचं डोकं 10चं असतं. 10चा पाना काउंटरवरच त्यावर बसवून हलवायचा. खडखड जास्त वाटली तर दुसरा मागायचा, लाजायचं नाही. पकड मिटून उजेडाकडे धरायची, कापायच्या धारांमधून उजेड दिसला तर तीही परत. 'क्रोम व्हॅनेडियम' हे चिवट पोलादाचे शब्द मात्र हल्ली सगळेच छापतात. मीही 1986 मध्ये फुटपाथवर असेच चमकणारे पाने घेतले होते. पहिल्याच आठवड्यात स्कूटरच्या ड्रमवर 17चा पसरला आणि माझी बोटं फुटमॅटवर आपटली. उस्ताद हसले नाहीत, स्वतःचा पाना काढून दिला एवढंच.

प्रश्न : पावसाळ्यात पाने गंजतात. काय करू? – एक वाचक, वरळी

उत्तर : रात्री जुन्या इंजिन ऑइलच्या फडक्याने पुसा. आणि पेटीतला तो फोम काढून टाका, ओल तोच धरतो.