वाचकांचे प्रश्न : काचकाम, बंद खोली आणि खिडकीतला कूलर

प्रश्न : पहिल्या मजल्यावर 10 बाय 12 फुटांच्या खोलीत एलपीजी-ऑक्सिजन टॉर्चवर काचेचे मणी करते. भिंतीत 12 इंची एक्झॉस्ट फॅन आहे, समोरच्या खिडकीत कूलर. तरी दोन तासांत डोकं जड होतं, डोळे चुरचुरतात. मोठा फॅन घेऊ का?
– एक वाचक, पाचोरा

उत्तर : मोठ्या फॅनवर पैसे घालू नका, आणि खालची सोय होईपर्यंत टॉर्च बंद ठेवा. सध्या ज्योतीवरून उठणारे वायू आधी तुमच्या तोंडावरून जातात, मग खोलीभर फिरतात आणि सर्वांत शेवटी फॅनपाशी पोचतात. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. ज्योतीच्या उष्णतेने हवेतल्याच नायट्रोजनपासून नायट्रोजन डायऑक्साइड बनतो. काही लाल-पिवळ्या काचांतून कॅडमियमची वाफही निघू शकते. नायट्रोजन डायऑक्साइडचा त्रास कधी कधी काही तासांनी उमटतो, तेव्हा बसल्या जागी बरं वाटतंय यावर जाऊ नका.

हे वायू टॉर्चपाशीच पकडायचे. पत्र्याचं काम करणाऱ्याकडून टेबलावर बसेल अशी जीआय (जस्ताचा थर दिलेल्या) पत्र्याची पेटी, म्हणजे हूड, करून घ्या : मागची बाजू, दोन्ही कडा आणि वरचा भाग बंद, फक्त समोर तोंड. तोंड 3 फूट रुंद, 2 फूट उंच ठेवा. ज्योत तोंडापासून निदान 6 इंच आत हवी. तोंडाचं क्षेत्रफळ 6 चौरस फूट. हवा मिनिटाला 125 फूट वेगाने आत जायला हवी, म्हणजे 750 सीएफएम (मिनिटाला 750 घनफूट), ताशी सुमारे 1275 घनमीटर. तोंड जितकं मोठं कराल तितका फॅनही मोठा लागेल, म्हणून हात मोकळे चालतील एवढंच ठेवा.

फॅन इनलाइन सेंट्रिफ्यूगल, म्हणजे पाइपाच्या ओळीतच बसणारा ब्लोअरसारखा, घ्या. भिंतीतला पात्यांचा फॅन मोकळ्या हवेत जोरात फिरतो, पाइप जोडला की दम टाकतो. दुकानदाराला थेट विचारा : 125 पास्कल दाबावर किती हवा ओढतो? खोक्यावर छापलेला मोठा आकडा बहुधा मोकळ्या हवेतला असतो. पेटीतून गच्चीवर जाणारा पाइप 10 इंची, जीआयचा. 8 इंची घेतलात तर तेवढ्याच हवेला घर्षण जवळपास तिप्पट होतं. एक 90 अंशांचा एल्बो (वळणाचा तुकडा) साधारण 10-15 फूट सरळ पाइपाइतकी हवा अडवतो, त्यामुळे वळणं शक्यतो दोनच. फॅन पाइपाच्या बाहेरच्या टोकाला, गच्चीवर बसवा. मग खोलीतल्या पाइपाला फट राहिली तरी हवा आत ओढली जाते, बाहेर गळत नाही.

पाइपाचं तोंड गच्चीवर उभ्या माणसाच्या डोक्याच्या बरंच वर आणि वरच्या दिशेने ठेवा. उन्हाळ्यात आपल्याकडे गच्चीवर बिबड्या वाळतात, रात्री माणसं झोपतात. शेजाऱ्याच्या गच्चीचाही विचार करा. वर टोपी घातली की हवा उलट खाली दाबली जाते. त्यापेक्षा 10 इंची पाइपाभोवती 12 इंची बाही, मधे फट ठेवून, वर थोडी उंच बसवा. फॅन बंद असताना पडणारं बरंचसं पाणी फटीतून बाहेर जातं.

आता आत येणाऱ्या हवेकडे वळू. बहुतेक ठिकाणी चुकतं ते इथेच. जेवढी हवा बाहेर, तेवढी आत यायलाच हवी. त्यासाठी किमान 3 चौरस फूट उघडी जागा लागते, जाळी असेल तर जास्त. आपली धूळ आणि कापसाचे तंतू जाळी चटकन बुजवतात, आठवड्याला झटका. फॅन चालू असताना दार ओढायला जड गेलं तर हवा कमी पडतेय असं समजा. अशा वेळी जवळच्या गॅस गीझरचे वायूही घरात ओढले जातात.

कूलर काढू नका, पण त्याचा झोत टेबलावर नको. त्या झोताने ज्योत वाकते आणि पेटीतले वायू बाहेर, थेट नाकाशी येतात. कूलर खिडकीबाहेर असेल, बाहेरची हवा ओढत असेल, तर तो आयता हवापुरवठाच आहे. झडपा समोरच्या भिंतीकडे वळवा, वेग कमी ठेवा, छताचा पंखा बंद. एसीचा विचार मात्र सोडून द्या : 10 फूट उंच खोलीतली 1200 घनफूट हवा दोन मिनिटांच्या आत बदलते, गारवा टिकणार कसा? मे महिन्यात टॉर्चचं काम सकाळी उरकावं.

शेवटी उदबत्ती पेटवून पेटीच्या तोंडाच्या चारही कडांशी धरा. आधी कूलर बंद, मग चालू. धूर घुटमळला किंवा तुमच्याकडे वळला तर कुठेतरी आडवा वारा आहे. आकडा दाखवणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म नाकाच्या उंचीवर लावा. आठ तासांच्या सरासरीला 9 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 9 भाग) ही मर्यादा धरतात. वीज गेली की आधी टॉर्च बंद.

प्रश्न : ताशी 1200 घनमीटरची किचन चिमणी चालेल का? नाही तर एन-95 मास्क?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : दोन्ही नको. 6 इंची पाइप आणि एक-दोन वळणं लागली की चिमणीचा तो आकडा बराच खाली येतो. पाइप नसलेली, कोळशाच्या फिल्टरची चिमणी कार्बन मोनॉक्साइड तसाच परत खोलीत सोडते. एन-95 धुळीसाठी आहे : मण्याच्या सळईवरचा लेप खरवडताना जरूर लावा. वायू त्यातून आरपार जातात.

प्रश्न : हूड बसवलाय. आता सिलिंडर टेबलाखाली ठेवला तर चालेल?
– एक वाचक, शिरपूर

उत्तर : नाही. एलपीजी हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड. गळाला तर फरशीवर पसरतो आणि टेबलावरच्या हूडला त्याचा पत्ताही लागत नाही. सिलिंडर बाहेर, सावलीत, उभा ठेवा आणि खोलीच्या भिंतीत फरशीलगत जाळीचं भोक पाडा. ते जिन्याकडे किंवा मोरीकडे उघडणारं नको. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला, आट्यांना तेल-ग्रीस कधीही लावू नका, पेट घेतं. आणि गॅसचा वास आला तर हवा खेळावी म्हणून एक्झॉस्टचं बटण दाबायला जाऊ नका. ठिणगी तिथेच पडते. आधी सिलिंडर बंद, मग दारं-खिडक्या उघडा.