जॅझमध्ये फक्त गायिका आणि पियानो असेल, ड्रम-बास नसतील, तर ठेका कोण धरतं? (नागपुरात असा कार्यक्रम ऐकायला जाणार आहे.)

ठेका पियानोवाल्याचा डावा हात धरतो. मी नागपुरात गायकांना कीबोर्डवर साथ करतो, म्हणून माझं लक्ष आधी तिकडेच जातं. तो हात दोन प्रकारे चालतो. एक म्हणजे ‘वॉकिंग बास’: चार मात्रांच्या बारमध्ये (बार म्हणजे मात्रांचा एक गट) दर मात्रेला खालचा एकेक सूर. दुसरा ‘स्ट्राइड’: १ आणि ३ वर खर्जातला सूर, २ आणि ४ वर मधल्या पट्टीत कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबलेले काही सूर. उजवा हात गाण्याच्या ओळींमधल्या जागा भरतो. चांगला वादक तिथेही हात आखडता घेतो.

बरीचशी स्टँडर्ड्स, म्हणजे जॅझवाले सगळेच गातात-वाजवतात ती ठरलेली गाणी, ३२ बारची असतात: ८-८ चे चार भाग, पहिला, दुसरा, चौथा जवळपास सारखे, तिसरा वेगळा. एकदा गाऊन झालं की त्याच ३२ बारवर पियानो एकटा वाजतो, आपल्याकडे आवर्तनं फिरतात तसा. गायिका पुष्कळदा त्या वेगळ्या तिसऱ्या भागावरच परत शिरते, तो क्षण पकडा. गायक टोनी बेनेट आणि पियानोवादक बिल इव्हान्स यांनी १९७५ मध्ये असंच दोघांत केलेलं ध्वनिमुद्रण आधी ऐकून जा.

मात्र संथ गाण्यात, विशेषतः सुरुवातीला, ठेका मुद्दाम सोडलेला असतो. तिथे पियानो गायिकेच्या श्वासामागून जातो. टाळी द्यायचीच तर २ आणि ४ वर. आपल्या सभागृहांत ती हमखास १ वर पडते!