वाचकांचे प्रश्न : वाइनच्या रसात मंद आचेवर शिजवलेले मटण

प्रश्न : गेल्या वर्षी मुलाकडे फ्रान्सला गेले असताना रेड वाइनमध्ये तीन-चार तास शिजवलेले बीफ तिथल्या एका घरी खाल्ले. मांस चमच्याने तुटत होते आणि त्याचा काळपट तांबूस रस इतका दाट होता की तो पावाला धरून राहत होता. परत आल्यावर तोच पदार्थ मटणाचा करून पाहिला. बोकडाच्या मांडीचे एक किलो मटण, कांदे, गाजर आणि अर्धी बाटली वाइन कुकरमध्ये घालून पाच शिट्ट्या केल्या. मटण कोरडे आणि दोऱ्यांसारखे झाले, रस जांभळा, पातळ आणि आंबट निघाला. नेमके काय चुकले?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आपण खाल्लेला पदार्थ बहुधा बर्गंडी प्रांतातला असावा. तिथल्या शारोले जातीच्या गुरांचे मांस आणि पिनो न्वार द्राक्षांची वाइन यांवर तो उभा आहे. आपल्या राज्यात १९७६च्या कायद्याने गाईच्या आणि २०१५च्या दुरुस्तीने बैल व वळूच्याही कत्तलीला बंदी असल्याने आपण मटण घेतलेत हे योग्यच झाले. पदार्थ मटणाचाही उत्तम होतो, मात्र मटणाचा कोणता भाग घ्यावा इथपासूनच विचार करावा लागतो.

या रसाचा दाटपणा कशामुळे येतो हे आधी लक्षात घ्यावे, कारण आपल्या तांबड्या रश्श्याची सवय इथे दिशाभूल करते. आपल्याकडे रश्श्याला अंग येते ते सुके खोबरे, तीळ, खसखस यांच्या वाटणामुळे. वाइनच्या रसाला ते येते मांसाच्या सांध्यांतील आणि स्नायूंभोवतीच्या चिवट पांढऱ्या पडद्यांमुळे. हे पडदे कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे असतात. ओलाव्यात आणि मंद उष्णतेत दोन-तीन तास राहिले की ते विरघळून त्यांचे जिलेटिन होते, आणि तेच मांसाला मऊ करते व रसाला ओठांना चिकटणारा गुळगुळीतपणा देते. मांडीच्या मटणात हे पडदे कमी असतात. म्हणून खाटकाकडून खांदा, मान आणि पायाच्या नळ्या हाडांसकट मागून घ्याव्यात आणि तुकडे नेहमीपेक्षा मोठे, सुमारे दोन इंचांचे करून घ्यावेत. मेंढीचे मटण मिळाले तर या पदार्थासाठी मी तेच घेईन, कारण त्यातील चरबीची चव वाइनला पुरून उरते.

कुकरमध्ये दाबामुळे तापमान सुमारे १२० अंशांपर्यंत जाते. त्या उष्णतेत कोलॅजेन लवकर विरघळते हे खरे, पण त्याच वेळी स्नायूंचे तंतू आवळून आपले पाणी सोडतात, आणि मांडीसारख्या भागात तर हाती केवळ कोरडे तंतू उरतात. शिवाय बंद भांड्यातून वाफ फारशी बाहेर पडत नाही, त्यामुळे वाइन आटत नाही आणि तिचा कच्चा आंबटपणा तसाच राहतो. आपल्या रसाची तक्रार इथूनच सुरू झाली. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंचीवर असल्याने इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते, पण खदखदणारी ती उकळीसुद्धा या कामाला जास्तच आहे. रसाच्या पृष्ठभागावर अधूनमधून एखादाच बुडबुडा यावा, इतकीच आच हवी. गॅसची लहान ज्योतही मोठी वाटल्यास पातेल्याखाली लोखंडी तवा ठेवावा. जाड बुडाचे स्टीलचे पातेले घ्यावे. अॅल्युमिनियमचे भांडे वाइनच्या आम्लामुळे रसाला धातूची चव देते, म्हणून ते टाळावे.

आता कृती. एक किलो मटणाला आदल्या रात्री मीठ लावून फ्रीजमध्ये ठेवावे. रात्रभर वाइनमध्ये भिजवण्याची गरज नाही, कारण वाइन काही मिलिमीटरपलीकडे आत शिरत नाही आणि ओले मटण नीट भाजले जात नाही. सकाळी तुकडे कापडाने कोरडे करून थोड्या तेलात, एका वेळी चार-पाचच, सर्व बाजूंनी खरपूस तपकिरी होईपर्यंत परतावेत. गर्दी केली तर मटण पाणी सोडते आणि भाजण्याऐवजी वाफवले जाते. या टप्प्यात घाई करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. रसाचा काळपट रंग आणि निम्मी चव इथेच तयार होते. मटण काढून त्याच पातेल्यात दोन कांदे, दोन गाजरे आणि लसणाच्या सात-आठ पाकळ्या परताव्यात, एक चमचा टोमॅटोची दाट प्युरी घालून ती तांबूस होऊ द्यावी, आणि मग ३७५ मिलीलीटर, म्हणजे अर्धी बाटली वाइन ओतून बुडाला चिकटलेला तपकिरी थर उलथन्याने खरवडून सोडवावा. वाइन उघड्या पातेल्यात निम्मी होईपर्यंत आटवावी. नंतर मटण, तमालपत्र, काळी मिरी, मिळाल्यास थोडे सुके थाइम आणि मटणाच्या वरच्या कडा उघड्या राहतील इतके गरम अळणी, म्हणजे मटण शिजवलेले पातळ पाणी, घालावे. मात्र हे अळणी हळद न घालता केलेले असावे. कांदा-लसूण चटणीचा मोहही इथे आवरावा.

झाकण म्हणून ताट ठेवून त्यात पाणी घालण्याची आपल्या घरांतील रीत इथे फार उपयोगी पडते. वाफ थंड ताटाला लागून पुन्हा खाली ठिबकते आणि रस करपत नाही. ताटातले गरम पाणी आपण एरवी रश्श्यात ओततो, तसे मात्र करू नये. रस कमी वाटला तर अळणीच घालावे. बोकडाच्या मटणाला साधारण अडीच तास पुरतात, जून जनावर असल्यास अधिक लागतात. काट्याने मटण हाडापासून सहज सुटू लागले की तुकडे बाजूला काढून रस उघडा ठेवून चमच्याच्या पाठीवर थर धरेपर्यंत आटवावा आणि शेवटी लोण्याचा एक गोळा ढवळून घालावा. रात्रभर ठेवल्यास वर थिजलेली चरबी काढता येते आणि दुसऱ्या दिवशी चव अधिक मुरलेली लागते.

वाइन नाशिककडची साधी शिराझ, म्हणजे त्या नावाच्या द्राक्षांची रेड वाइन, पुरे. फार तुरट वाइन आटली की कडवट होते, आणि दुकानांत पोर्ट म्हणून मिळणारी गोड वाइन घेतली तर रस पाकासारखा लागतो.

प्रश्न : वाइन शिजवल्यावर तिच्यातील मद्यार्क पूर्णपणे उडून जातो का? आमच्या घरी काहीजण मद्य वर्ज्य मानतात.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पूर्णपणे नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यांनुसार अर्धा तास शिजवल्यावर सुमारे ३५ टक्के, एका तासानंतर २५ टक्के आणि अडीच तासांनंतर ५ टक्के मद्यार्क पदार्थात उरतो. ज्यांना ते वर्ज्य आहे त्यांना हे स्पष्ट सांगावे आणि त्यांच्यासाठी वेगळे पातेले लावावे. त्यात तासगावकडच्या काळ्या द्राक्षांचा गाळलेला रस निम्मा आटवून, त्याचा गोडवा तोडण्यापुरते व्हिनेगर थेंबाथेंबाने चाखत घालावे. बाकी कृती तीच ठेवावी.