पेशंटला नाही म्हणता आलं पाहिजे

नाशिक

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तू क्लिनिकल ट्रायलच्या, म्हणजे पेशंटवर औषधं तपासून बघण्याच्या, कामाला लागलीस हे कळलं आणि मनापासून आनंद झाला. फोनवर तू विचारलंस, 'आधी काय वाचू?' जीसीपीचं, म्हणजे ट्रायल नीट कशी करायची त्याच्या नियमांचं, ट्रेनिंग तुला मिळेलच. २०१९ चे नवीन औषधं आणि क्लिनिकल ट्रायलचे नियम तू परीक्षेसाठी पाठ केलेच आहेस. एसओपीच्या, म्हणजे कोणतं काम कसं करायचं ते लिहिलेल्या, फायली पहिल्याच आठवड्यात तुझ्या टेबलावर येऊन पडतील. म्हणून त्यांत सापडणार नाही तेवढंच लिहिते.

तुमच्याकडे मधुमेहाची ट्रायल चालू आहे, दम्याची येऊ घातलीय, सोरायसिसची बोलणी चालली आहेत, असं तू म्हणालीस. आजार बदलला की तपासण्यांची यादी बदलते, व्हिजिटचं वेळापत्रक बदलतं. पण एक गोष्ट सगळीकडे तीच राहते. समोर बसलेल्या माणसाला, तुला ऐकायला नको असलेली गोष्ट तुझ्या तोंडावर सांगता आली पाहिजे. 'मला यात पडायचं नाही.' 'या आठवड्यात गोळ्या राहिल्या.' 'औषध सुरू केल्यापासून गरगरतंय.' 'बास, आता मी येणार नाही.' एवढं त्याला तुझ्यापाशी न घाबरता बोलता आलं, तर ती ट्रायल खरी. नाही बोलता आलं, तर फायली कितीही नीटनेटक्या असोत, आत काय भरलंय याची खात्री नाही.

आपल्याकडे माणसं डॉक्टरांना नाही म्हणत नाहीत. पेठहून, सुरगाण्याहून पहाटेची एसटी धरून आलेला माणूस ओपीडीत ताटकळतो, नंबर लागतो, डॉक्टर म्हणतात, 'एका नवीन औषधाचा अभ्यास चाललाय, भाग घ्याल का?' आणि तो म्हणतो, 'तुम्ही म्हणाल तसं, साहेब.' नवीन मुलामुलींना वाटतं, झालं, पेशंट मिळाला. मला मात्र अशा वेळी काळजी लागते. त्याने होकार कशाला दिलाय? डॉक्टरांवरच्या विश्वासाला. ट्रायल काय असते हे त्याला अजून कोणी सांगितलेलंच नाही.

संमती घेण्याची जबाबदारी कायद्याने इन्व्हेस्टिगेटर डॉक्टरांची, म्हणजे ट्रायल चालवणाऱ्या डॉक्टरांची आहे, ती तुझ्या अंगावर कोणी ढकलू लागलं तर घेऊ नकोस. पण डॉक्टरांचं बोलून झालं की पुढचा अर्धा तास तुझा. पेशंटला शांत खोलीत घेऊन बस, डॉक्टर तिथे नसताना. बरोबर मुलगा, सून, नवरा, जो आला असेल त्याला आत बोलाव. बाई पेशंट असेल तर थोडा वेळ तिच्या एकटीशी बोल, कारण कित्येकदा तिच्या वतीने होकार नवराच देऊन मोकळा होतो.

मग सगळं सांगून झाल्यावर 'समजलं ना?' असं विचारू नकोस. त्याला 'हो' हेच उत्तर मिळतं. असं विचार: 'काकू, घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल, इथे काय काय होणार म्हणून?' काकू म्हणाल्या, 'नवीन भारी औषध निघालंय, आपल्याला फुकट मिळणार,' तर पुन्हा पहिल्यापासून सुरू कर. त्या म्हणाल्या, 'दोन तऱ्हेच्या गोळ्या आहेत, मला कोणती मिळेल ते चिठ्ठी टाकल्यासारखं कॉम्प्युटर ठरवणार, डॉक्टरांनासुद्धा ठाऊक नसणार, आणि नको वाटलं तर सोडता येतं, माझा नेहमीचा इलाज बंद होणार नाही,' तर पुढे जा. यातलं शेवटचं वाक्य आपणहून आलं नाही तर तेवढ्यासाठी थांब. पेशंटची सगळ्यात मोठी भीती तीच असते, की नाही म्हटलं तर डॉक्टर रागावतील आणि उद्या दारात उभं करणार नाहीत.

लगेच पेन पुढे करू नकोस. माहितीपत्रक घरी नेऊ दे, पुढच्या खेपेला येऊ दे. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाचा अंगठा घ्यायचा असेल तर त्रयस्थ साक्षीदार लागतो, आणि तो सगळं बोलणं होईपर्यंत तिथे बसलेला असायला हवा. अंगठा उमटल्यावर बाहेरून कोणाला तरी हाक मारून सही घेणं म्हणजे खोटी साक्ष. हे कुठेही दिसलं तरी तू त्यात हात घालू नकोस. सही केलेल्या फॉर्मची आणि माहितीपत्रकाची एक प्रत पेशंटच्या पिशवीत गेली की नाही तेही बघ. त्यावर डॉक्टरांचा आणि एथिक्स कमिटीचा, म्हणजे पेशंटचे हक्क आणि सुरक्षितता जपणाऱ्या समितीचा, संपर्क असतो. कमिटी कशाला असते तेही त्याला दोन वाक्यांत सांग: तिथे किमान सात जण असतात, निम्मे तरी हॉस्पिटलच्या बाहेरचे, त्यात एक कायद्याचा जाणकार आणि एक साधा नागरिकही असतो, आणि तक्रार असेल तर तिकडे थेट जाता येतं.

फॉर्मवर एक रकाना असा आहे की तिथे हमखास अडतं: वारसाचं नाव, पत्ता, नातं. 'वारस कशाला? म्हणजे जिवाला धोका आहे?' पेशंट विचारतो, आणि खोली एकदम गप्प होते. 'काही नाही हो, फॉर्मॅलिटी आहे,' असं म्हणून ते उडवून लावलंस तर तिथेच विश्वास संपला. सरळ सांग की ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार फुकट मिळतात, भरपाई मिळते, आणि मृत्यू झालाच तर ती वारसाला मिळावी म्हणून कायद्याने हे नाव लिहून घ्यायला लावलंय. या औषधाबद्दल धोक्याचं जे माहीत आहे ते काय, तेही त्याच दमात सांग. हे ऐकून कोणी उठून गेला तर जाऊ दे. दाराशी जाऊन 'पुढच्या तपासणीला या हं, काका' म्हण, म्हणजे त्याला कळेल की इलाज चालूच राहणार.

एनरोलमेंटचा, म्हणजे ट्रायलमध्ये किती पेशंट घेतले त्याचा, आकडा गाठायचा दबाव तुझ्यावर येईल. साइटला, म्हणजे ट्रायल चालते त्या हॉस्पिटलला, पैसे पेशंटमागे मिळतात, कंपनीच्या वतीने काम तपासायला येणारा मॉनिटर दर व्हिजिटला आकडा विचारतो, दुसऱ्या शहरातली साइट पुढे गेल्याचं मुद्दाम कानावर घालतो. तू आकडा सांग, पण त्याच्या शेजारी किती जणांनी नकार दिला तोही सांग. ज्या साइटवर कोणीच नाही म्हणत नाही, तिथली संमती मला तरी संशयास्पद वाटते.

तू म्हणशील, एवढं करून पेशंट मिळालेच नाहीत तर औषधं तपासणार कशी? प्रश्न रास्त आहे. ट्रायल हव्यातच. २०२१ च्या एप्रिलमध्ये आपल्या गावात, कोविडमधून बऱ्या झालेल्यांच्या रक्तातल्या प्लाझ्मासाठी फिरणारे मेसेज तुला आठवत असतील. लोक रात्री-बेरात्री दाते शोधत वणवण करत होते. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या प्लॅसिड ट्रायलचा निकाल तर २०२० च्या ऑक्टोबरमध्येच छापून आला होता: ३९ हॉस्पिटलं, ४६४ पेशंट. प्लाझ्मा दिलेल्या गटात १९ टक्के लोकांचा आजार गंभीर झाला किंवा ते दगावले, न दिलेल्या गटात १८ टक्के. फायदा नव्हता. तरीही उपचारांच्या सरकारी सूचनांमधून प्लाझ्मा निघाला तो मे २०२१ मध्ये. उलट डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त औषध. ब्रिटनमधल्या रिकव्हरी ट्रायलने जून २०२० मध्ये दाखवलं की व्हेंटिलेटरवरच्या कोविड पेशंटमधले मृत्यू त्याने सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. कशाचा उपयोग आहे आणि कशाचा नाही, हे अंदाजाने कळत नाही.

याहून जुनं, आणि माझ्या फार जवळचं उदाहरण मद्रासचं आहे. एके काळी क्षयाच्या पेशंटला सॅनेटोरियमची मोकळी हवा, सकस खाणं आणि विश्रांती हवीच, असं सगळे धरून चालत. हवापालटासाठी देवळालीला येऊन राहणारी माणसं आपल्या आधीच्या पिढीने पाहिली आहेत. मद्रासला १९५६ मध्ये सुरू झालेल्या ट्रायलमध्ये पेशंटचे दोन गट केले. एक सॅनेटोरियममध्ये, दुसरा आपापल्या घरी, दाटीवाटीच्या वस्तीत, बेताचं खाऊन. औषधं दोघांना तीच. १९५९ मध्ये निकाल आला: घरचे पेशंटही जवळपास तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरातल्यांना लागण जास्त झाली असंही पुढच्या पाहणीत दिसलं नाही. खाटा नसलेल्या गरीब देशांना क्षयावर घरी उपचार करण्याचा धीर तिथून आला. पण घरी नेलेल्या गोळ्या सगळे नेमाने घेत नाहीत, हेही मद्रासच्याच कामात दिसलं. तिथल्या लोकांनी ते लपवलं नाही. समोर बसवून औषध द्यायची पद्धत पुढे रुळली त्यामागे हा अनुभव आहे.

म्हणून गोळ्या मोजताना तुझा चेहरा कसा आहे याला महत्त्व आहे. पेशंट रिकामी पाकिटं परत आणतो. एकही गोळी शिल्लक नाही, आणि शुगर मात्र हलायला तयार नाही. दरडावून विचारलंस तर पुढच्या वेळी उरलेल्या गोळ्या गोदावरीत जातील आणि पाकिटं तेवढी तुझ्याकडे येतील. 'शेतीच्या गडबडीत राहून जातात हो गोळ्या, किती दिवस राहिल्या असतील?' असं विचार. राहिल्या असं सांगितल्यावर ओरडा बसत नाही, हे एकदा कळलं की माणूस खरं बोलतो. खोट्या 'घेतल्या' जमा होत गेल्या की गुणकारी औषध निरुपयोगी ठरतं, किंवा त्रास देणारं औषध निर्धोक दिसतं. मग ते बाजारात येतं, आणि तेव्हा ते खरोखर नेमाने घेणाऱ्याला त्रास होतो.

आपल्या जिल्ह्याचं पंचांग तुला प्रोटोकॉलइतकंच, म्हणजे ट्रायलच्या लेखी आराखड्याइतकंच, ठाऊक हवं. द्राक्षांची छाटणी ऑक्टोबरमध्ये सुरू झाली की निफाड-दिंडोरीकडचे पेशंट व्हिजिट चुकवतात. विंडोतली, म्हणजे व्हिजिटला चालणाऱ्या दिवसांतली, तारीख त्यांना विचारूनच ठरव. नवरात्रात उपास असतात, साबुदाण्याची खिचडी आणि भगर असते, आणि मधुमेहाचा पेशंट ते सांगत नाही. चैत्रात वणीच्या गडाला पायी जाणारे असतात. गेल्या व्हिजिटनंतर गडावर गेला होतात का, पायाला फोड आले का, हे तू नाव घेऊन विचारायचं. मधुमेहात पायाची जाणीव कमी झालेली असते, फोड येऊनही तो दुखत नाही, आणि 'काही त्रास?' या प्रश्नाला 'नाही' असंच उत्तर येतं. पायातले मोजे उतरवायला सांग आणि स्वतः बघ. दम्याच्या पेशंटला गावातल्या डॉक्टरकडून इंजेक्शन घेतलं का ते विचार. बायकांना मिश्रीबद्दल विचार, पण सासूसमोर नको. काढा, झाडपाला, मेडिकलवाल्याने दिलेली गोळी, सगळं लिहून घे, आणि ऐकताना नाक मुरडू नकोस.

उपाशीपोटी रक्त द्यायला लांबून येणाऱ्यासाठी चहा-नाश्त्याची सोय आधी करून ठेव. इन्सुलिन घेणारा माणूस रिकाम्या पोटी एसटीच्या फाट्यावर उभा राहतो, आणि त्याची शुगर खाली गेली तर ती चूक त्याची नसते. प्रवासखर्च त्याच दिवशी त्याच्या हातात पडू दे.

एसएई, म्हणजे पेशंटच्या बाबतीत काही गंभीर घटना, झाली तर घड्याळ सुरू होतं. इन्व्हेस्टिगेटरने २४ तासांच्या आत केंद्रीय औषध नियंत्रक कार्यालयाला, स्पॉन्सरला (ज्यांनी ट्रायल काढली त्यांना) आणि एथिक्स कमिटीला कळवायचं असतं. पण तुला ते कळणार कसं? रात्री नातेवाइकांनी जवळच्या दवाखान्यात भरती केलं आणि तुला फोन आलाच नाही तर? म्हणून तुझा नंबर पेशंटच्या बायकोच्या किंवा मुलाच्याही मोबाइलमध्ये हवा, आणि रात्री फोन केला तर चालेल, हे त्यांना तुझ्या तोंडून ऐकलेलं हवं. ट्रायलशी याचा संबंध आहे की नाही हा विचार नंतर. आधी माणूस, मग लगेच कळवणं. 'किरकोळ असेल, उद्या बघू' असं कोणी म्हणालं तर नम्रपणे, पण लेखी विचार.

आणि कोणी मध्येच सोडून जातो म्हणाला तर त्याचं मन वळवायला बसू नकोस. कारण विचार, सांगायचं नसेल तर राहू दे. सुरक्षिततेसाठी एक शेवटची तपासणी करून घ्या, एवढं समजाव, आणि आभार मान. हे मी आवर्जून लिहिते, कारण सोडून जाणाऱ्याशी आपण कसं वागतो ते बाहेर बाकावर बसलेले बाकीचे पेशंट बघत असतात.

एक गोष्ट आपल्याकडे फार क्वचित होते, ती तू कर. ट्रायल संपते, फायली खोक्यांत जातात, आणि ज्याने वर्षभर रक्त दिलं त्याला निकाल काय लागला ते कोणी सांगत नाही. तुझ्या प्रत्येक ट्रायलचा सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या ट्रायलच्या नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक पेशंटच्या कार्डावर लिहून दे. २००९ च्या जूनपासून आपल्या देशात ट्रायलची नोंदणी सक्तीची आहे आणि ती कोणालाही बघता येते. निकाल जाहीर झाला की डॉक्टरांना आठवण कर, चार ओळींचं मराठी पत्र एथिक्स कमिटीला दाखवून मंजूर करून घे, आणि सगळ्यांना पाठव. औषध निष्फळ ठरलं असेल तरी पाठव.

शनिवारी दुपारी ओपीडी संपल्यावर मी तुझ्याकडे येते. मधुमेहाच्या ट्रायलचं माहितीपत्रक काढून ठेव. मी पेशंट होऊन बसेन, तू मला पहिल्यापासून समजावून सांग. वारसाच्या रकान्यापाशी मी अडून बसणार आहे, तेव्हा तिथली तयारी नीट कर.

तुझी,
ताई