सरहद्दीने घडवलेला अमेरिकन?

प्रश्न: मुलीच्या इतिहासाच्या पेपरला टर्नरची फ्रंटियर थिअरी आहे, ती नेमकी काय आणि कितपत खरी?

उत्तर: अमेरिकन इतिहासकार फ्रेडरिक जॅक्सन टर्नरने १८९३ ला शिकागोत निबंध वाचला. १८९० च्या जनगणनेत म्हटलं होतं की वस्तीची सलग सीमारेषा, म्हणजे फ्रंटियर, आता उरली नाही, तो धागा पकडून हा म्हणाला की पश्चिमेकडे सरकत जंगल तोडून शेती करता करताच युरोपातून आलेला माणूस अमेरिकन झाला, म्हणजे स्वावलंबी, लोकशाहीवादी, थोडा आडदांडही. आयडिया भारी आहे, पण तो म्हणतो ती ‘मोकळी जमीन’ मोकळी नव्हतीच हो! १८८९ ला ओक्लाहोमात दुपारी बाराच्या इशाऱ्यावर हजारो लोक घोडे, गाड्या दामटत प्लॉट बळकवायला धावले, ती जमीन सरकारने क्रीक आणि सेमिनोल या तिथल्या आदिवासी लोकांकडून घेतलेली. आणि बायका तर टर्नरला जवळपास दिसतच नाहीत.