जुन्या आयएनएस दिल्लीचा चौथा टरेट कुठे गेला?

तुमचा प्रश्न असा आहे की, आपल्या नौदलाच्या जुन्या आयएनएस दिल्लीच्या फोटोंत पुढे दोन आणि मागे एकच टरेट (तोफा बसवलेला फिरता बुरूज) का दिसतो, तिच्या वर्गातल्या, म्हणजे त्याच आराखड्याच्या, बाकीच्या क्रूझरना (मध्यम आकाराच्या युद्धनौकांना) तर मुळात चार होते. याच प्रश्नाने माझा एक रविवार खाल्लाय. मला प्लास्टिकची जहाजं जोडायचा नाद आहे. दिल्ली करायची म्हणून तिच्या बहिणीचं, एजॅक्सचं किट आणलं, चारही टरेट चिकटवले आणि मग फोटो नीट पाहिला. मागचा वरचा टरेट उपटावा लागला. डेकवर गमाचा डाग राहिला तो राहिलाच.

चौथा टरेट जपानी बॉम्बने गेला. दिल्ली व्हायच्या आधी ही बोट अकिलीस होती. इंग्लंडात बर्कनहेडच्या गोदीत बांधलेली, १९३२ साली पाण्यात उतरलेली. चार टरेट, प्रत्येकात सहा इंची दोन तोफा. पुढे ती न्यूझीलंडकडे गेली आणि तिच्यावरचे निम्म्याहून जास्त खलाशी तिकडचेच होते.

१३ डिसेंबर १९३९. दक्षिण अमेरिकेत, प्लेट नदीच्या मुखाबाहेर, एजॅक्स, एक्झिटर आणि अकिलीस या तिघींची गाठ जर्मन युद्धनौका ग्राफ स्पेशी पडली. समोर अकरा इंची तोफा, म्हणजे अकिलीसच्या गोळ्याच्या कितीतरी पट वजनाचा गोळा. एक गोळा अकिलीसच्या अलीकडे पाण्यात फुटला. थेट लागला नाही, पण त्याच्या किरचा तोफांना नेम देणाऱ्या मनोऱ्यात घुसल्या. चौघे मेले. आतले जखमी तसेच कामाला लागलेले, आणि कॅप्टन पॅरी यांच्या पायांतही किरचा शिरलेल्या. तरी त्या सकाळी तिने बाराशेच्या वर गोळे झाडले. ग्राफ स्पे माँटेव्हिडिओ बंदरात शिरली आणि १७ तारखेला तिच्या कॅप्टननेच ती बाहेर नेऊन बुडवली.

तेव्हा चारही टरेट जागेवर होते. ५ जानेवारी १९४३ला सॉलोमन बेटांजवळ ग्वाडलकॅनालपाशी जपानी विमानांनी गाठलं आणि एक बॉम्ब बरोबर मागच्या वरच्या टरेटच्या माथ्यावर पडला. १३ माणसं गेली. दुरुस्तीला पोर्ट्‌स्मथला नेली तर तिथे गोदीतच स्फोट होऊन १४ कामगार मेले. काही जहाजांची पत्रिकाच तशी असते. टरेट परत बसवलाच नाही, विमानविरोधी तोफा वाढवल्या. १९४५ला ती जपानविरुद्ध पॅसिफिकमध्ये होती, ती अशीच तीन टरेटवर.

५ जुलै १९४८ला ती आपल्या नौदलात दिल्ली म्हणून दाखल झाली. गंमत म्हणजे त्याच वर्षी आपल्या नौदलाचे प्रमुख झाले ते हेच पॅरी. १९५१पर्यंत ते इथे होते, म्हणजे आपली जुनी बोट अधूनमधून बघत असतील. १९५०च्या जूनमध्ये नेहरू हिच्यावरूनच इंडोनेशियाला गेले. डिसेंबर १९६१च्या गोवा मुक्तीत ती गोव्यासमोर नव्हती, हे पुष्कळांना माहीत नसतं. ती दीवला होती, तिथल्या किल्ल्यावर हिच्याच सहा इंची तोफा चालल्या. नंतरची वर्षं कॅडेटांना शिकवण्यात गेली आणि १९७८ला ती मुंबईत निवृत्त झाली, मग भंगारात. (आत्ताची दिल्ली वेगळी. ती माझगाव गोदीतली, १९९७ची.)

उरलेल्या तिनांपैकी एक टरेट न्यूझीलंडला भेट दिला. ऑकलंडजवळ डेव्हनपोर्टच्या नौदल तळावर तो ठेवलाय.

फोटो ओळखायचा तर टरेट मोजा. चार असतील तर १९४३ आधीची अकिलीस. फक्त सिनेमाला फसू नका. १९५६ला या लढाईवर इंग्रजी चित्रपट आला, त्यात अकिलीसचं काम आपल्या दिल्लीनेच केलं. त्यामुळे त्यातल्या १९३९च्या लढाईतही तिला टरेट तीनच आहेत.