युरो एकच, मग ग्रीस-स्पेन मागे का पडले?

तुम्ही विचारलंय की युरो सगळ्यांचा सारखाच, तरी जर्मनी पुढे आणि ग्रीस-स्पेन मागे कसे, तिकडची माणसं आळशी म्हणून का. आळशीपणाचं आधी डोक्यातून काढून टाका, ते वाचलं की मला खरंच वाईट वाटतं, ओईसीडीचे (विकसित देशांच्या संघटनेचे) आकडे बघा, ग्रीसमधला माणूस वर्षाला जर्मन माणसापेक्षा कितीतरी जास्त तास राबतो.

खरी गोम व्याजदरात आहे. 2003 च्या मध्यापासून 2005 च्या अखेरपर्यंत युरोपियन सेंट्रल बँकेचा, म्हणजे युरोवाल्या सगळ्या देशांसाठी एकच व्याजदर ठरवणाऱ्या बँकेचा, रेट 2 टक्के होता. जर्मनीची अर्थव्यवस्था तेव्हा गारठलेली, तिला स्वस्त पैसा हवाच होता, पण स्पेनमध्ये महागाई 3 टक्क्यांच्या वर, म्हणजे महागाई वजा केली तर तोच रेट शून्याच्या खाली जायचा, मग कर्ज काढून घरं बांधायला कोण मागे राहणार? पैसा बराचसा जर्मन आणि फ्रेंच बँकांचाच. तिकडे पगार आणि भाव चढत गेले, जर्मनीने मात्र पगार जवळपास जागच्या जागी ठेवले, त्यामुळे त्यांचा माल स्वस्त पडत गेला. आणि स्पेनचं सरकार काही उधळं नव्हतं, 2007 ला त्यांचं सरकारी कर्ज जीडीपीच्या 36 टक्क्यांच्या आसपास, जर्मनीचं 60 च्या वर. ग्रीसने तुटीचे आकडे लपवले, ते मात्र मान्यच करावं लागतं.

2008 नंतर पैसा आटला. पूर्वी असं झालं की आपल्या चलनाची किंमत पाडता यायची, इटलीचा लिरा 1992 ला पडला तसा, तोटा सगळ्यांवर थोडा थोडा वाटला जायचा. आता स्वतःचं चलनच नाही, मग माल स्वस्त करायला सरळ पगार कापायचे. फेब्रुवारी 2012 मध्ये ग्रीसने किमान वेतन 751 युरोवरून 586 वर आणलं, 25 वर्षांखालच्यांचं तर त्याहूनही कमी, आणि घराचा हप्ता मात्र पूर्वीइतकाच भरायचा! 2013 ला बेरोजगारी 27 टक्क्यांवर गेली, शिकलेली पोरं, डॉक्टर जर्मनीला निघून गेले. शिकवायचा खर्च ग्रीसचा आणि टॅक्स जर्मनीला, दरी रुंदावते ती अशी.

अमेरिकेत एखादं राज्य बसलं तर केंद्राचा पैसा आपोआप तिकडे वाहतो. युरोपियन युनियनचं बजेट मात्र सगळ्यांच्या मिळून उत्पन्नाच्या 1 टक्क्याच्या आसपास. 2020 ला कोविडमध्ये 750 अब्ज युरोचा फंड सगळ्यांनी मिळून कर्ज काढून उभा केला, इटली-स्पेनला त्यातला मोठा वाटा मिळाला, मला ते फार बरं वाटलं, पण ती एकदाची सोय आहे. निदान बेरोजगारी भत्ता तरी सामायिक तिजोरीतून द्यायला हवा, यावर मी ठाम आहे.